करंगळीतली निळी गाठ

पुरवणी जबाब

नाव ओळखपत्राप्रमाणे नोंदवहीत घेतले आहे. कारखान्यात आणि बाजारात मला भिंगबाई म्हणतात. वय ६७ वर्षे. धंदा : पूर्वी अवकाशवीरांच्या पोशाखांच्या कारखान्यात टाके-तपासनीस; सध्या लिलावघरात अवकाशात जाऊन आलेल्या म्हणून विकायला येणाऱ्या वस्तू खऱ्या की खोट्या ते सांगणे. राहणार : कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला.

मी आज कोणी बोलावलेले नसताना स्वतःहून ठाण्यात हजर होऊन सांगते की,

दोन वर्षांपूर्वी याच ठाण्यात माझा एक जबाब झाला आहे. तो खोटा आहे. हवालदारांनी पेन थांबवून "मावशी, नीट विचार करून बोला" असे सांगितले. दोन वर्षे मी दुसरे काही केलेले नाही, तेव्हा आता लिहा, असे मी त्यांना सांगितले.

कारखान्यात मी बावीस वर्षे हातमोज्यांच्या टेबलावर होते. प्रत्येक मोजा त्या त्या माणसाच्या हाताचा प्लास्टरचा साचा घेऊन शिवत. शिवून झाला की माझ्याकडे येई. मी डोळ्यात तेल घालून टाका न् टाका बघायची आणि वहीत सही करायची. मोज्यावर खूण करायला सक्त मनाई होती. तरी जो जोड खरोखर वर जाणार असेल, त्याच्या डाव्या करंगळीच्या आत, अस्तराखाली, मी निळ्या दोऱ्याची बारीक गाठ मारत असे. सरावाच्या जोडांना मारत नसे. एवढ्या लांब निघालाय, तर आपलंही काहीतरी जाऊ दे बरोबर, असे वाटायचे. हे मी कधीच कोणाला सांगितले नव्हते.

एकतीस वर्षांपूर्वी एक यान परत येताना हवेतच फुटले. तिघे गेले. त्यातल्या एकाची डावी करंगळी एका पेराने आखूड होती. लहानपणी दारात चेंगरली होती म्हणे. त्याचे मोजे मीच पास केले होते. टाक्यांचा दोष नाही असे चौकशीत ठरले. तरी पुढे कित्येक दिवस मी जेवायला बसले की आधी स्वतःच्या हातांकडे बघत बसायची.

दोन वर्षांपूर्वी एका वखारवाल्याने लिलावघरात एक डावा हातमोजा आणला. त्याचे वडील तेव्हाच्या शोधपथकात होते. ते वारल्यावर त्यांच्या ट्रंकेत तो सापडला होता. माझी कामाची पद्धत अशी आहे की वस्तू आधी बघायची, गोष्ट नंतर ऐकायची. विकणारे गोष्टी फार छान सांगतात, आणि गोष्टीने भुलले की डोळे काम करत नाहीत. त्यामुळे मी बघत असताना खोलीत कोणी बोलायचे नाही, असा माझा दंडक आहे. त्या दिवशी दहाएक माणसे होती. मागे खिडकीजवळच्या खुर्चीवर राखाडी स्वेटर घातलेली एक वयस्कर बाई होती. ती कोण हे मी विचारले नाही. तीच माझी घोडचूक.

मी मोज्याची एका पेराने आखूड करंगळी उलटी केली आणि भिंगाखाली माझी गाठ दिसली. एकोणतीस वर्षांनी. मला आनंद झाला, हे लिहा. मी ओरडलेच, "खरा! शंभर टक्के खरा! वर गेलेला आणि वरून पडलेला. ही बघा, माझ्या हातची गाठ!" सगळ्यांना बोलावून भिंगातून दाखवली. एवढ्यावर थांबायचे, तर नाही. जिभेला हाड नसल्यासारखी पुढे बोलले, "आत हात असतानाच तापलाय हा. त्याशिवाय अस्तर असं बसत नाही."

तेव्हा ती मागची बाई उभी राहिली. म्हणाली, "ताई, हे मोजे घालूनच त्यांना पुरलंय. मला तसंच सांगितलंय. पेटी उघडून बघू नका म्हणाले होते."

ती त्या आखूड करंगळीवाल्याची बायको होती. मोजा लिलावात आलाय असे ऐकून ती आली होती. तीच पुढे म्हणाली, "माझ्या धाकट्या भावाने खांदा दिला होता. तो म्हणाला, पेटी हलकी लागली गं. मी त्याच्याशी वर्षभर बोलले नाही." आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमचं काहीतरी चुकलं असेल. सरावाचा जोड असेल ना हा?"

यावर मी काय बोलले ते जसेच्या तसे लिहावे. मी म्हणाले, "बाई, माझ्या हातून चूक होत नाही."

दुपारी मोजा टेबलावरून नाहीसा झाला. लिलावघराच्या मालकांनी तक्रार दिली. संध्याकाळी पोलिसांना बाई दफनभूमीत सापडल्या. एका हातात मोजा होता, दुसऱ्या हातात बागेतले खुरपे, आणि नवऱ्याच्या थडग्याजवळ वीतभर माती उकरलेली होती. वय वर्षे एकाहत्तर. त्यांना ठाण्यात आणून बाहेरच्या बाकावर बसवले आणि पारख करायला मला बोलावले.

तेव्हाचे साहेब म्हणाले, "खरा असला तर प्रकरण वर जाईल. पेटी उघडून बघावी लागेल. सरावाचा असला तर मी मालकांची समजूत घालतो, बाईंना घरी सोडतो." तेवढ्यात त्यांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. खोलीत मी आणि मोजा. माझ्या पिशवीत भिंग, चिमटा आणि छोटी कात्री कायम असते. मी गाठ कापली. साहेब आल्यावर त्यांच्यासमोर करंगळी उलटी करून दाखवली आणि सांगितले की आत गाठ नाही, हा सरावाचा जोड आहे, सकाळी माझ्याच पिशवीतला दोरा चिकटला होता, वय झाले. मालक मला वाटेल ते बोलले. मी ऐकून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच.

बाहेर येऊन मी बाईंना म्हणाले, "सरावाचा आहे. माझंच चुकलं." त्यांनी विचारले, "म्हणजे ते तिथेच आहेत?" मी म्हणाले, "तिथेच आहेत. तुम्ही घरी जा." त्यांनी माझ्या बाहीवरून काहीतरी चिमटीत उचलले आणि म्हणाल्या, "दोरा लागलाय तुम्हाला." त्यांनी तो टाकून दिला असेल असे मी धरून चालले.

पुढे तो मोजा सरावाचा म्हणून किरकोळीत निघाला आणि बाईंनीच घेतला. रस्त्यात भेटल्या की "बऱ्या आहात ना ताई?" एवढेच विचारायच्या. पण त्या दिवसापासून मी कुठलीही वस्तू भिंगाखाली धरली की पाठीमागे खिडकीजवळ कोणीतरी बसलेय आणि "म्हणजे ते तिथेच आहेत?" असे विचारणार आहे, असे मला वाटते. मी ती खुर्ची तिथून काढायला लावली. तरी वाटते. खुर्ची नसल्यावर तर जास्तच.

गेल्या गुरुवारी बाई वारल्या. शुक्रवारी सकाळी त्यांची भाची मोजा घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, "आत्याने सांगून ठेवलंय, हा माझ्या हातात द्या आणि मग पेटी बंद करा. पण त्याआधी एकदा भिंगबाईंना दाखवून आणा."

मी भाचीला म्हणाले, "आधी सगळं सांग, मग बघते." तिला जेवढे माहीत होते तेवढे तिने सांगितले. मग मी करंगळी उलटी केली. आत निळी गाठ होती. माझीच, मी कापलेली, एका बाजूने तुटका धागा तसाच. ती घरातल्या साध्या पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा जागच्या जागी टाचलेली होती. म्हणजे बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरी दोन वर्षे त्यांनी मला उघडे पाडले नाही. मी त्या मुलीसमोर रडले, ती बिचारी घाबरली.

नंतर मी टाके तपासले. चार आहेत. वाकडे आहेत, हात थरथरत असावा, पण घट्ट आहेत. मी पास केले. भाचीने विचारले, "खरा आहे का हो?" मी हो म्हणाले.

शनिवारी बाईंना मोज्यासह नवऱ्याशेजारी पुरले. पेटी बंद करण्यापूर्वी तो त्यांच्या हातात होता, हे मी स्वतः पाहिले. माझ्यावर जी काही कारवाई होईल ती मला मान्य आहे. दोन्हींपैकी कोणतीही पेटी उघडू नये, एवढीच माझी विनंती आहे.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे, आणि या वेळी ते खरे आहे.