रणधीरच्या शेजारची जागा

बसा मंडळी, पुढे सरका. मागे खांबाला टेकलेल्यांनो, तुम्हीही या. तुम्ही नाही धरलात तरी खांब पडत नाही!

आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याच्यावर जीव जडला, ते रोजच्या वापरात आणावं, की जपून वेगळं ठेवावं? माउल्यांनो, तुमची पैठणी कपाटात का? रोज नेसून भाकरी थापायला बसलं तर ठिणगी उडायची. आणि कपाटातच ठेवली तर? घडीवर विरते! नेसली तर जळते, ठेवली तर विरते. मग करायचं काय माणसानं?

उत्तर मी देणार नाही. उत्तर आज एक गाडी देणार आहे. हो, मोटारगाडी! पेटीवाले, दचकू नका. पुराणात रथ चालतो, तर कीर्तनात मोटार का चालू नये?

ऐका. कोल्हापुरात रणधीर शिंत्रे म्हणून एक गृहस्थ. शिरोलीला त्याची फौंड्री. दिवसभर वितळलेल्या लोखंडाच्या धगीत उभा राहणारा माणूस. तोंडाचा गोड, हाताचा सढळ. व्यसन? सुपारीचं खांड नाही! पण मंडळी, एक ओढ होती. कॉलेजात असताना एका मासिकात त्यानं एका गाडीचं चित्र पाहिलं होतं. शर्यतीची गाडी, वळणावर झुकलेली, मागे धुरळा. ते पान फाडून त्यानं खोलीच्या दाराला चिकटवलं. लग्न झालं, पोरगी झाली, ती शिकून लांब नोकरीला गेली, केस पिकले, दार बदललं... चित्र मनावरून निघालं नाही. रस्त्यात लांबून तसल्या इंजिनाचा आवाज आला, की हा गडी बोलता बोलता थांबायचा. बघायचा, आणि गाडी गेली की उगाच म्हणायचा, ‘हां, तर काय म्हणत होतो आपण?’

ओढ म्हणतात ती हीच. ती दिसत नाही. माणूस मध्येच थांबतो, तिथं ती असते.

तर पन्नाशी उलटल्यावर रणधीरनं ठरवलं, गाडी घ्यायची. बायकोला घेऊन पुण्याला शोरूममध्ये गेला. बायकोचं नाव वैजयंती. माहेर आजऱ्याचं. बोलणं कमी, बघणं जास्त. (अशी बायको असेल तर पुरुषांनो, जपून राहावं!)

शोरूममध्ये एकाच जातीच्या दोन गाड्या. एक मऊ: गुबगुबीत सीट, मागे बसायला जागा, आत गारवा, आवाज नाही. दुसरी तिचीच सख्खी बहीण, पण तपाला बसलेली! गालिचा काढलेला, मागची सीट काढून तिथं लोखंडी पिंजरा, बसायला कडक टोपलीसारखी सीट, खांद्यावरून दोन आणि कमरेवरून दोन असे चार पट्टे. दाराला आतून कडी नाही, ओढायला कापडाची पट्टी. का? वजन वाचतं! मंडळी, आपण देवळात येताना मनावरचं एवढं वजन कमी करतो का?

विकणारा पोरगा प्रामाणिक होता. त्यानं हात जोडून सांगितलं, की साहेब, ही दुसरी शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलीय. महिन्यातून एकदा काढायची असेल तर घ्या. रोज कामावर न्यायची असेल तर मऊ घ्या.

वैजयंती मऊ गाडीत बसली. म्हणाली, बरी आहे. मग रणधीर त्या कडक गाडीत बसला. इंजिन चालू केलं... आणि मंडळी, त्यानं डोळे मिटले. वैजयंती बाहेरून काचेतून बघत होती. आत तिला पन्नाशीचा कारखानदार दिसला नाही. तिला तो दिसला, जो तिला बघायला आजऱ्याला आला होता आणि पोह्यांची बशी हातात धरून खायचंच विसरला होता.

ती विकणाऱ्याला म्हणाली, “हीच द्या.”

ऐकलंत? निवड कुणी केली? तिनं केली! बसायला मऊ कुठली, हे तिला कळत नव्हतं का? स्वतःची पाठ बाजूला ठेवून तिनं त्याचा चेहरा निवडला.

गाडी घरी आली. नारळ फुटला. रणधीरच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्कांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मागे तो मोठा आडवा पंख असतो ना, वाऱ्यानं गाडी जमिनीला दाबून ठेवणारा, तिथं थांबल्या. म्हणाल्या, “बसायला जागा दोनच. पण कपडे वाळत घालायला दांडी चांगली दिलीय.”

हसा, हसा. पण पुढचं हसण्यासारखं नाही. नाही, थोडं आहे.

रणधीरनं ती गाडी रोज न्यायला सुरुवात केली. मित्र म्हणाले, वेड लागलंय. तो म्हणायचा, “जिच्यासाठी एवढी वर्षं झुरलो, तिला महिन्यातून एकदा भेटू?” वाक्य बघा! भक्ताच्या तोंडचं वाक्य आहे हे. पण रस्ता? गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. आणि आपल्याकडे गतिरोधक कसले? कुणी तरी रात्रीत डोंगर रचून गेल्यासारखे! मग हा गतिरोधक आला की गाडी तिरकी करायची. आधी एक चाक, मग दुसरं. मागचे हॉर्न वाजवून बेजार. जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान गाडी, आणि तिला उसाचा ट्रॅक्टर ओलांडून जायचा! वर ट्रॅक्टरवाला हात दाखवून म्हणायचा, “या सावकाश, पाहुणं.”

वेगाचा हा जीव, गल्लीत कोंडला,
कधीचा थांबला, वाटेसाठी.

(ओळ संतांची नाही हो, माझीच जोडलेली. ग्रंथात शोधत बसू नका.)

आणि शेजारच्या जागेवर कोण? वैजयंती. भाजीला जायचं, बसली. भाचीच्या बारशाला जायचं, बसली. आक्कांची औषधं आणायची, दाताच्या डॉक्टरकडे जायचं, बसली. साडीवरून चार पट्टे आवळायचे, मांडीवर पिशवी. खड्डा आला की कणा खालपासून वरपर्यंत मोजून निघायचा. पूर्वी दोघं स्कूटरवर जायचे तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकून काहीबाही सांगायची. आता शेजारी बसून एक शब्द ऐकू येत नव्हता, एवढा आवाज. आणि त्याचे डोळे रस्त्यावर. खड्डा कुठं, उंचवटा कुठं, गाडीचं कुठं घासतंय. पंचगंगेच्या पुलापासून शिरोलीपर्यंतचा प्रत्येक खळगा त्याला पाठ होता.

वर्षातून दोनदा मात्र सोहळा असायचा. लांब दक्षिणेत शर्यतीचा ट्रॅक आहे. पैसे भरले की आपली गाडी तिथं पळवता येते, शेजारी एक माणूसही बसवता येतो. रणधीर जायचा, आणि शेजारी बसायचा त्याचा बालमित्र बंडा चौगुले. परत आला की चार दिवस रणधीर जमिनीवर नसायचा. जेवताना ताटातली वाटी वळवून दाखवायचा, इथं असं वळण येतं, इथं ब्रेक, इथं सोडून द्यायचं, आणि मग गाडी जी सुटते म्हणता...

वैजयंती भाकरी वाढता वाढता एकदा म्हणाली, “कसं वाटतं हो तिथं?”

तो म्हणाला, “ते सांगून नाही कळायचं तुला.”

मंडळी, हे वाक्य लक्षात राहू द्या. त्यात शिवी नाही, राग नाही. खूप माया असलेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य. पण दार आतून लावून घेतल्याचा आवाज आला की नाही?

त्यानंतर थोड्याच दिवसांत आजऱ्याला तिच्या भावाच्या घरी वास्तुशांत होती. रणधीर गाडी पुसून तयार. वैजयंती पिशवी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, मी एसटीनं जाते, तुम्ही मागून या. आणि गेली की हो! त्या दिवसापासून ती त्या गाडीत बसली नाही. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढायची, विचारपूस करायची. फक्त शेजारची जागा रिकामी.

आता गंमत बघा. ज्या गाडीसाठी माणूस जन्मभर झुरला, त्या गाडीत बसून तो आता झुरायला लागला! सिग्नलला थांबला की डावीकडे बघायचा. चारही रिकामे पट्टे सीटवर पडलेले. पूर्वी लांबच्या इंजिनाचा आवाज ऐकून थांबायचा. आता रस्त्यात एखाद्या स्कूटरवर नवऱ्याच्या खांद्याला धरून बोलत चाललेली बाई दिसली की थांबायचा.

त्यानं उशी आणली. तिनं थँक्यू म्हटलं आणि उशी दिवाणावर ठेवली. त्यानं विचारलं, पाठीच्या डॉक्टरकडे जाऊ या का? ती म्हणाली, जाऊ की, रिक्षा बोलवा.

शेवटी एका दुपारी तो तिच्यासमोर येऊन बसला. ती मटार सोलत होती. त्याचा चेहरा असा, की जणू राज्य सोडून वनवासाला निघालाय. म्हणाला, “वैजू, ही गाडी विकतो. तू बसली होतीस ना, ती मऊवाली घेऊ.”

त्याला वाटलं, ती विरघळणार. ती मटार सोलत राहिली.

“विकू नका,” ती म्हणाली. “पाठीसाठी नाही उतरले मी.”

“मग?”

“मला तुम्ही कुठं कुठं नेलंत त्या गाडीतून, सांगा बघू. भाजीला. बारशाला. दात काढायला. जिथं जिथं ती गाडी रडते, तिथं शेजारी मी. आणि जिथं ती पळते तिथं बंडाभाऊजी.”

रणधीर म्हणाला, “अगं, तुला भीती वाटली असती.”

“विचारलंत कुठं?”

शेंगा तेवढ्या फुटत होत्या. मग ती खाली बघतच म्हणाली, “ही गाडी घ्या म्हणून मी सांगितलं, ते तुमचा चेहरा बघून. मला वाटलं, आता रोज शेजारी बसून तो बघायला मिळणार. मला मिळाला खड्डे चुकवणारा. तो दुसरा सगळा बंडाभाऊजींनी बघितला.”

पेटीवाले, सूर धरून ठेवा जरा. सोडू नका.

मंडळी, काय मागत होती ती? मऊ सीट? ती मागत होती त्याचा आनंद. परत आल्यावर वाटी फिरवून सांगितलेला नव्हे. घडत असताना, शेजारी बसून!

बंडा चौगुलेला हे कळलं तेव्हा तो मोठ्या मनाचा गडी म्हणाला, “वहिनी, माझी जागा तुमचीच होती. मी आपला रुमाल टाकून धरून ठेवली.” आणि स्वतःचं हेल्मेट आणून दिलं.

गेली दोघं. ट्रॅकवर सकाळचं कोवळं ऊन. वैजयंतीनं पंजाबी ड्रेस घातलेला, अंबाडा सोडून वेणी घातली, कारण अंबाड्यावर हेल्मेट बसेना. चार पट्टे त्यानं स्वतःच्या हातानं आवळले. सैल केले, पुन्हा आवळले. एवढ्या वेळा आला होता तिथं, पण आज पहिल्यांदा घाबरला होता. तिला नाही आवडलं तर?

आणि गाडी सुटली. मंडळी, काय सांगू! गल्लीबोळांतून कण्हणारी, तिरकी तिरकी चालणारी ती गाडी तिथं आपल्या घरी आली. खड्डा नाही, उंचवटा नाही, मागे हॉर्न नाही. जो कडकपणा कोल्हापुरात कण्यात शिरायचा, त्याच कडकपणानं वळणावर तिला घट्ट धरून ठेवलं. जो आवाज बोलू देत नव्हता, तो तिथं गाणं झाला. तीच गाडी! तीच सीट! बदललं काय? जागा बदलली.

रणधीरचे डोळे समोर. त्याला दिसलं नाही ती कुठं बघतेय. वळणं गेली, लांब सरळ पट्टा आला, झाडं मागे पळाली, आणि ती रस्त्याकडे बघतच नव्हती. हेल्मेटच्या काचेतून ती फक्त त्याच्याकडे बघत होती. पोटभर.

गाडी थांबली. इंजिन बंद. सगळं शांत. त्यानं हेल्मेट काढलं आणि भीत भीत विचारलं, “कसं वाटलं?”

तिचे डोळे भरलेले. ती म्हणाली, “सांगून नाही कळायचं तुम्हाला.”

आणि मग मान वळवून त्या लांब सरळ रस्त्याकडे बघत, “चला, अजून एकदा.”

संध्याकाळपर्यंत तिनं त्याला थांबू दिलं नाही म्हणतात. आणि निघायची वेळ झाली तेव्हा वैजयंतीबाई काय म्हणाल्या? “कोल्हापूरला मात्र मी रेल्वेनं जाणार. पाठ माझी आहे.”

हसलात? हसा. संसार असाच असतो. आजही रणधीर फौंड्रीला जातो त्याच गाडीतून, तिरका तिरका, एकटा. शेजारी कुणी नसतं, पण आता तो डावीकडे बघून कष्टी होत नाही. ट्रॅकला जायचं ठरलं, की आधी बॅग भरून दारात उभी असते ती वैजयंती.

गाडीचं उत्तर ऐकलंत ना: वापरावं की जपावं हा प्रश्नच नव्हे, शेजारी कुणाला बसवता हा प्रश्न. आता मंडळी, तुमच्याकडे वळतो. गाडी तुमच्याकडे नाही, मला ठाऊक आहे. पण शेजारची जागा तर प्रत्येकाच्या आयुष्यात आहे ना? तिथं भगवंताला तुम्ही कधी बसवता?

पोरगं आजारी पडलं, बस रे देवा शेजारी. कोर्टाची तारीख आली, बस. परीक्षा, ऑपरेशन, नोकरी गेली... बस, बस, बस! सगळे खड्डे त्याच्या कण्यातून! आणि जिथं तुमचा जीव मोकळा सुटतो, जिथं तुम्ही पोटातून हसता, पोरीच्या लग्नात नाचता, नव्या बाळाचं जावळ हुंगता, मित्रांच्या मैफलीत रमता, तिथं शेजारी कोण? दुसरंच कुणी! देव घरी. देव्हाऱ्यात. भाकरी वाढत.

तुम्ही विचाराल, देवाला कसली ओढ? त्याला काय कमी आहे? अहो, वैजयंतीला घरात काय कमी होतं? त्यानं तुम्हाला जीव दिला, वेग दिला, हौस दिली, ते कशासाठी? तुमचा फुललेला चेहरा एकदा जवळून बघावा म्हणून. आणि आपण युगानुयुगं त्याला फक्त रडका चेहरा दाखवत आलो. तो तक्रार करत नाही. एखाद दिवशी हळूच एवढंच विचारतो, कसं वाटतं रे तिथं? आणि आपण म्हणतो, तुला नाही कळायचं.

आज इथं मागणं मागू नका. नवस बोलू नका. आता गजर होईल तेव्हा प्रत्येकानं मनात एवढंच करायचं: आपला सगळ्यात मोठा आनंद कुठं आहे ते त्याला सांगायचं, आणि विचारायचं, येतोस का?

तो तयारच बसलाय हो, कधीचा.

उचला टाळ.