हळदीचं बोट

सोजराबाई : ओढू नगंस गं मला. गेट उघडायच्या आत साडी घावली पायजे.

प्रगती : कुठली साडी, आत्या? दोन तर हातात हायेत तुमच्या.

सोजराबाई : ह्या न्हवं. घरनं आणलेली. गेणबानं भाऊबीजेला दिलेली, मोरपंखी.

प्रगती : गेणबामामांची? ती पिशवीत होती ना?

सोजराबाई : काढली व्हती. म्हटलं ढिगावर पसरून रंग जुळवावा. तेवढ्यात मागनं रेटा आला आन् माझा हात सुटला. वळून बघतीय तर ढीग निम्मा झालेला.

प्रगती : सेलच्या ढिगावर स्वतःची साडी ठेवली? अहो, मघाशी एकीनं माझ्या अंगावरची ओढणी धरून विचारलं, ही पण दोनशेलाच का म्हणून!

सोजराबाई : मग दुकानात काय करतो आपण? पोलक्याचं कापड घ्यायचं म्हटलं की साडी गादीवर टाकतोच की.

प्रगती : ते पेठेतलं दुकान. तिथला माणूस तुम्हाला नावानं ओळखतो. हे मंगल कार्यालय हाय, आत्या, आणि उद्या हे लोक गाशा गुंडाळून तिसऱ्याच गावाला जाणार. कोणाला विचारायचं मग?

सोजराबाई : म्हणून तर म्हणतीय, आत्ताच बघ. तुझी नजर तरणी हाय.

प्रगती : माझी अडीचला कंपनीची बस हाय बायपासवर. सेकंड शिफ्ट. काँट्रॅक्टवरच्या बाईची बस चुकली तर सुपरवायझर उद्या गेटच्या आत घेत न्हाई. माईकवर पाच मिनिटं, पाच मिनिटं करतायत, अर्धा तास झाला. बाहेर रेटारेटी झाली तर गेट लावलं, पण आतल्यांनी काय पाप केलंय? मला श्वास घेता येईना झालाय.

सोजराबाई : समद्यांना वाटतंय गेट उघडावं. मला वाटतंय, साडी घावंस्तवर उघडूच नये. एकदा उघडलं की ती कुणाच्या पिशवीतनं कुठल्या गावाला जाईल, देवालाच ठावं.

प्रगती : आत्या, रडू नका ना. आपण दुसरी घेऊ.

सोजराबाई : दुसरी घेऊन काय करू? तू नवी सून, तुला म्हाईत न्हाई. भाऊबीजेला त्यानं ती माझ्या वटीत टाकली, तवा त्याची बायकू नकुशी चुलीपाशी बसली व्हती. म्हणाली, मलाबी आणा की अशीच. तर हसून म्हणतो कसा, पुढल्या दिवाळीला. आन् मार्गशीर्षात गेला. बारा महिनं होत आलं, माझ्या कानातनं जाईना ते. परवा दुखवट्याचं लुगडं घेऊन जायचं, त्याच्यामागं तिची पहिली दिवाळी. म्हटलं, अश्शीच शोधून न्यावी. तर हाय तीबी घालवून बसले. अक्कल गहाण ठिवली व्हती मी!

प्रगती : थांबा. त्या खांबापाशी बघा. हिरव्या चोळीवाल्या मावशी. काखेत मोरपंखी दिसतीय. डाळिंबी काठ होता ना?

सोजराबाई : व्हय गं, व्हय! अवो बाई! अवो, तुमच्या काखंतली साडी माझी हाय!

कुशाबाई : तुमची? वा गं वा! दौंडवरनं पहिल्या एष्टीनं आलीय मी. दोघींच्या हातातनं हिसकून घेतलीय. अख्ख्या ढिगात हीच एक बरी निघाली आन् म्हणं माझी.

प्रगती : मावशी, खरंच घरची साडी हाय. सेलचा स्टिकर कुठं हाय त्याच्यावर?

कुशाबाई : स्टिकर ओढाताणीत पडला असंल. ह्या कुशाबाईला फशिवणारी अजून जन्माला यायचीय. लेक सासरी चाललीय माझी, तिला हाय ही.

सोजराबाई : लेकीला सुखानं न्या काय न्यायचं ते. फकस्त आतलं टोक उलगडून बघा. कोपऱ्यात हळदीचं बोट हाय. न्हाई दिसलं तर घिऊन जावा, मी शबूद काढायची न्हाई.

(कुशाबाई खांबाला पाठ लावून साडीचं टोक उलगडते.)

कुशाबाई : हाय की. भलंमोठं. कुणाचं हो हे बोट?

सोजराबाई : भावाचं. कोरं कापड बिनहळदीचं देऊ नये, म्हणाला. कुठं बोट बुडवायचं तर आख्खा अंगठाच बुडवला येड्यानं. आता न्हाई तो.

कुशाबाई : घ्या बाई. हळद लावून सेलात कोण साडी ठिवतंय? मघाशी सांगायचं न्हाई का तुमी!

सोजराबाई : तुमच्या लेकीला आता?

कुशाबाई : बघते की दुसरी. गेट कुठं उघडलंय अजून.

प्रगती : उघडलं! माईकवर सांगतायत, दहा-दहा जणी सोडणार. आत्या, चला. बस मिळंल अजून. पण नकुशीमामींची साडी राहिली की. हिच्या जोडीची बघायची का पटकन?

सोजराबाई : ऱ्हाऊ दे. न्हाई मिळायची. ह्या दोन बी टाक ढिगावर, हीच देऊ तिला.

प्रगती : ही? दुखवट्याला कोरं लुगडं लागतं ना?

सोजराबाई : कोरंच हाय. धाकट्या लेकाच्या लग्नात नेसायची म्हणून घडी मोडली न्हाई मी. हळद तेवढी लावायची, तर ती लावूनच गेलाय तो.

प्रगती : आणि मग तुमच्याकडं मामांचं काय राहिलं?

सोजराबाई : नकुशी हाय की. चल, पदर धर माझा, पुन्हा चुकामूक नगं.