कोटाबाहेरची जागा

वणीच्या मोटार स्टँडवर कमलाकर कारकून यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होता. मागच्या बाकावर राजूरच्या खाणीतून पोलंडला शिकायला गेलेला, नुकताच परतलेला फुलसिंग बसला होता. लमाण तांड्याचा धावजी त्याला सोयरिकीचा गूळ परत द्यायला आला होता.

“घे हा गूळ. माही बिजली तुले देत नाही.”

“काहून, मामा?”

“दोन वर्सं साहेबलोकात राह्यला. तुले तांडा कायचा आठवते?”

“सुट्टीत तिथलं एक जुनं गाव पाहाले गेलतो. भवताली कोट, बाहेर जंगल.”

“गावात काय पाह्यलं?”

“गावात मागून गेलो. पह्यले कोटाबाहेर नदीचा उतार पाह्यला, गवत पाह्यलं. दोनशे बैल सहज बसले असते.”

“वारा?”

“जंगल अडवते.”

“अन् नदी चढली तं?”

“मांगं टेकडी हाय. गोण्या तिथं रचल्या असत्या. पह्यले मिठाचे गाडे तिथंच उतरत म्हणे.”

“मीठ? आपल्या आज्याच्या बैलांवर होतं तसं?”

“तसंच, मामा.”

यवतमाळची गाडी लागली. कमलाकर उठला, तेव्हा मागे गुळाचा खडा फोडल्याचा आवाज आला.

“तोंड उघडा, जावईबापू.”