सुमतीच्या शिबिराचं उत्तर

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे बाकावर बसला आहात. आठ वर्षांची सरोजही देवीची लस टोचून घ्यायला आईजवळ तशीच बसली होती. शेजारी कॉलेजातली सुमती आणि तिचे वडील. ती उन्हाळी शिबिराला परदेशी निघाली होती.

"लशीचा दाखला मिळाला की बोटीवर चढायचं, अण्णा! पंधरा देशांची मुलं. सकाळी गावासाठी शाळा बांधायची, संध्याकाळी गाणी."

"सुमे, शिबिरवाल्यांचं उत्तर आलंय."

"कसलं उत्तर?"

"मीच लिहिलं होतं. मुलगी नाजूक आहे, विटा वाहायला लावू नका, हवं तर ओव्या म्हणेल."

"अहो, तिथे सगळेच विटा वाहतात!"

"तेच लिहिलंय त्यांनी. तुझी जागा दुसऱ्या मुलीला दिली."

"कधी आलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे, अण्णा."

"रोज सांगणार होतो गं. पण तू अंगणात डोक्यावर विटांची टोपली घेऊन चालायला शिकत होतीस."

सुमतीने दाखल्याच्या कोऱ्या कागदाची घडी केली.

"पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी माझं लग्न ठरवलंयत तुम्ही."

कंपाउंडरने हाक मारली, "सुमती!" कोणीच उठलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली.

"त्यांना लस नकोय आता," असं म्हणून सरोज आईचा हात सोडून एकटीच आत गेली.