वरची फूटभर

(चाकणजवळचं घर. ज्योतीरामच्या हातात माती तपासणीचा कागद.)

आक्काबाई: दोन म्हैन्यामागं आठ दिस लेकीकडं पिंपळे गुरवला काय गेले, ह्या पोरानं माझं रान सोलून काढलं बघ, ज्योतीराम. कोंबडी सोलावी तसं!

ज्योतीराम: सोललं म्हणजे? मी फक्त माती तपासतो, आक्का. मला कुणी काही सांगितलंच नाही.

आक्काबाई: सांगंल कोण? हुबा हाय की माझा लेक दाराशी, कंपनीचा शर्ट घालून. इचार.

अजिंक्य: आई, शिफ्टची वेळ झालीय. अहो, वरच्या अंगाला पाणी चढत नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, रान सपाट करून देतो, फुकट. वरची माती तेवढी नेतो. एका नव्या कंपनीच्या लॉनला हवी होती.

ज्योतीराम: आणि तुम्ही दिलीत.

अजिंक्य: फूटभरच ना राव! खाली आहे की जमीन.

आक्काबाई: हाय ना. मुरूम हाय! त्यात लावलेला कांदा पिवळा पडलाय समदा.

अजिंक्य: युरिया टाकतोय ना मी. दोनदा झाला, आज तिसऱ्यांदा टाकतो.

ज्योतीराम: नका टाकू. खत धरून ठेवायला मातीत कुजलेलं काहीतरी लागतं. पाला, मुळं, शेण. त्यावर जिवाणू जगतात, तेच पिकाला नत्र पुरवतात. इथं सेंद्रिय कर्ब जवळपास उरलेलाच नाही. तुमचा युरिया पाण्याबरोबर झिरपून विहिरीत चाललाय.

आक्काबाई: शेणखत मागून आणीन. पाटी-पाटी, डोक्यावरनं. ज्यांच्या दारात कधी गेले न्हाई, त्यांच्याबी दारात जाईन.

ज्योतीराम: आणा. दरवर्षी ताग पेरून हिरवाच मातीत गाडा, खत होतं त्याचं.

आक्काबाई: किती वरसं?

ज्योतीराम: आक्का, ते आत्ता कशाला...

आक्काबाई: शाळा न्हाई मला, पर आकडा कळतो. बोल.

ज्योतीराम: पहिल्यासारखी व्हायला? तुमच्या हयातीत नाही. बहुतेक यांच्याही नाही.

अजिंक्य: मग परत आणतो ना! आजच जाऊन त्या लॉनवाल्या कंपनीच्या साहेबांच्या पाया पडतो.

आक्काबाई: मी पडून आले काल. वॉचमनच्या. आत न्हाई सोडलं. जाळीतनं बघितली. वर बोटभर गवत, खाली माझी माती. एक बाप्या ते गवत कापून कचऱ्याच्या गाडीत भरत व्हता. खायाला न्हाई, गुरांना न्हाई, परत मातीला बी न्हाई.

अजिंक्य: आई, मला खरंच कळलं नव्हतं गं.

आक्काबाई: ठावं हाय. माझ्या पोटचा हाईस, ते मी नाकारत न्हाई, अजिंक्या. शेतकऱ्याचा हाय म्हणून मातुर कुणाला सांगू नगंस.