झिनियावरचं खवलं

— नाही, तो फोटो आधी पिशवीत ठेवा बघू. पाहिला मी. बक्षीस मिळालं त्या दिवशीही पाहिला, आणि आत्ता तुम्ही भिंग धरून बोट ठेवलंत ना, फुलाच्या पाकळीवर, मधमाशीच्या पायाशी ते गोल चकाकतंय, तेही पाहिलं. मेणाचा पापुद्रा असेल म्हणता? आणि कुठल्याशा प्रोफेसरांना पाठवणार विचारायला? नका पाठवू, शरच्चंद्रराव. चहा घ्या, निवतोय. हे एवढ्यात यायचे नाहीत, स्टेशनाकडे गेलेत, उद्यासाठी फिल्मचा रोल बघतो म्हणून — उद्या तुमच्या फोटोग्राफी मंडळाची माणसं येणार ना, आमच्या बागेत बसून ह्यांचं काम बघायला. तुम्ही बक्षीस दिलंत, अनंतराव अनंतराव करून हार घातलात, सगळं पावलं. पण उद्याचं तेवढं रद्द करा. आमच्याकडे कुणी आजारी आहे म्हणून सांगा. मी आजारी आहे म्हणून सांगा.

कारण हवंच का? — ते खवलं आहे. रावसाचं. हो, मासळीतला रावस. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही, सोवळ्याचं घर, आणि बागेतल्या फुलावर रावसाचं खवलं. अशी लाज वाटते मला, की तुमच्याकडे बघून बोलवत नाही, म्हणून मी आपली ह्या तांदळातले खडे बघते. ते खवलं बर्फातून आलं. बर्फ सुगंधाचा — खारदांड्याची कोळीण, पलीकडच्या परेराबाईंकडे मासळी घेऊन येते, पाटीत बर्फ असतो तिच्या. मागल्या दाराने मला एक ढेकूळ देते, मी तिला वेणीला अबोली देते. गवळणीसारखी रोज येते म्हणा ना. आणि बर्फ कशाला — तर मधमाश्यांना. थांबा, हसू नका. हसत नाही आहात? बरं.

कसं आहे, हे मागल्या साली रिटायर झाले, सत्तावन्न साल ते, आणि त्याच पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. तुम्हांला सांगितलं नसेल. सांगणारच नाहीत. बारीकसाच, पण उजव्या हाताला कंप राहिला. पूर्वी फोटो काढायचे ते माणसांचे, लग्नामुंजीतले. आता म्हणाले बागेतल्या मधमाश्यांचे काढतो. झिनिया एवढ्यासाठीच लावला, तो नारिंगी नि तो राणी रंगाचा — फोटोत सगळं काळंपांढरंच येतं, पण ह्यांना फूल भडकच हवं. सकाळचे स्टुलावर जाऊन बसायचे, श्वास रोखून. आणि रोल धुऊन आला की काय, तर फूल झकास नि त्यावर एक धुरकट डाग. माशी काय ह्यांच्यासाठी बसून राहते? ती आली, हुंगलं, गेली. तोवर ह्यांचं बोट बटणावर पोचायचं. एकदा सगळा रोल तसला आला तो ह्यांनी चुलीत घातला, आणि मग स्वैपाकघराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले. दिवसच्या दिवस. डाळ पातळ का, पंचपाळं उघडं का, आरेच्या दुधाच्या बाटलीचं बूच फेकलं कुठे.

तर एकदा सुगंधा दाराशी टेकली होती, तिच्या पाटीतल्या बर्फावर एक गांधीलमाशी पडलेली, मेल्यासारखी. म्हटलं, बिचारी. उचलून पायरीवर ठेवली उन्हात. जराशाने पाय हलवले, मग उडाली. मी बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी मी — सांगते सगळं, आता काय राहिलंय — झिनियावर मधमाशी बसली की वरून फुलपात्र पालथं घालायचं, खालून पोस्टकार्ड सरकवायचं, आणि तिला घालायचं सुपारीच्या डब्यात, तो डबा बर्फात. जिन्याखाली असतो तो. ह्यांची पूजा आटपत आली की डबा बागेत न्यायचा, आणि केसातल्या पिनेने एकेक माशी उचलून फुलावर नीट बसवायची. तोंड कॅमेऱ्याकडे. हे येतात, स्टुलावर बसतात, तोवर माशी गारठलेलीच असते. ह्यांचा हात कितीही कापो, ती हलत नाही. मग ऊन लागलं की उडून जाते.

सगळ्या नाही उडत. ज्या उठत नाहीत त्या मी जास्वंदीच्या आळ्यात पुरते. ह्यांच्या ताटात मध वाढताना माझा हात अडखळतो हल्ली.

पण मला लाज वाटते ती त्याचीसुद्धा नाही. तुमच्या समारंभात हे बोलायला उभे राहिले, आठवतं? की मधमाशी माणूस ओळखते, तुमच्या मनात घाई नसेल तर ती विश्वासाने बसून राहते. लोकांनी टाळ्या दिल्या. मी बायकांच्या रांगेत, शेजारी नलिनी, माझी जाऊ, ती म्हणते, वहिनी, केवढं हो हे. आणि मी पदर तोंडाशी धरला होता. लोकांना वाटलं रडतेय. मी हसत होते, शरच्चंद्रराव. नवरा चारचौघांत मनापासून बोलतोय आणि बायको पदराआड हसतेय. घरी आल्यावर मला दोन घास गेले नाहीत.

त्यांच्यासाठीच केलं म्हणता? नाही हो. तसं मीही स्वतःला सांगत होते. मला ती उंबऱ्यातली खुर्ची उठायला हवी होती. माझं स्वैपाकघर मला परत हवं होतं, एवढंच. आणि ते बाहेर गेले खरे, पण खुळे होऊन गेले, आणि खुळं मी केलं.

उद्या? उद्या तर मुळीच नाही. तुमच्यादेखत मी पीन घेऊन कुठे फिरू? पहाटे आधीच बसवून ठेवल्या असत्या, तर आता बर्फच नाही. शिमगा आला ना. होड्या किनाऱ्याला लागल्या, सुगंधा सण होईपर्यंत फिरकायची नाही. परवा इथेच, ह्याच पायरीवर मला सांगून गेली, हे मागे पेपर वाचत होते. बर्फ नाही म्हणजे काय होणार ते मला दिसतंय — तुम्ही सगळे चटयांवर, हे स्टुलावर हात सावरत, आणि माशी आली, हुंगलं, गेली. सगळ्यांसमोर. ह्यांना वाटेल, माश्यांनीही आपल्याला टाकलं. म्हणून म्हणते, रद्द करा. ह्यांना काही माहीत नाही. काही म्हणजे काही माहीत नाही, आणि कधी कळता कामा —

फाटक वाजलं का?

अहो, आलात? इतक्या लवकर — बसलेत शरच्चंद्रराव, तुमचीच वाट — रोल मिळाला? मग ते काय हातात? गोणपाट कसलं? ठिबकतंय ते. धोतर भिजलं सगळं तुमचं. भुसा आहे त्यात. लाकडाचा भुसा.

बर्फाच्या वखारीत गेला होतात.

...

शरच्चंद्रराव, तुम्ही निघा आता. नाही, उद्याचं मी काही सांगत नाही, ते सांगतील. निघा तुम्ही. फाटक ओढून घ्या.

द्या इकडे, हात कापतोय तुमचा. कधीपासून — नको, राहू दे. जिन्याखाली ठेवा. डबा तिथेच असतो. तुम्हांला ठाऊकच आहे.