लेकीच्या घरचा गोळाभात

बस वं दिपाली, उभी काहून? अन् चहाचं मी पाहते, तू नको उठू — थकली म्हणून काय शेजारच्या पोरीले कोरडीच धाडू? आज सकाळीच उतरली विमानातून, पाय असे सुजले की चपला चढून नाही राहिल्या. आराम? लेकीच्या घरी कसला आराम वं? महिनाभर हॉलंडात होती मी, पण शेगडीपुढून हलली असेल तर शपथ! मयुरा रोज म्हणे, आई, बस न जराशी. बसते कशी? जवाईबापूचं घर ते. माह्या मायनं नागपुरातल्या आपल्या नंदनवन वस्तीतल्या ह्या घरात कधी पाण्याचा घोट घेतला नाही — लेकीच्या घरचं कसं घ्यायचं? — दारातून ये अन् दारातूनच परत जाय. आता मी विमानानं गेलेली, दारातून कशी परत येऊ? म्हणून बॅग भरून नेली, तांदूळ, बेसन, तिखट, सारं आपलं आपण. आपलंच रांधायचं, आपलंच त्यायलेही वाढायचं. मग मनाले काही टोचत नाही.

अन् पाहुणे कमी काय? जवाईबापू अंकितरावांच्या ऑफिसातले चौघं जेवायले आले, मी पाटवड्यांचा रस्सा केला, आपल्या सावजी तिखटाचा. एक गोरी बाई — नाकाडोळ्यांतून पाणी, लाल झाली बिचारी, तरी मी वाढतच होती! तिथं म्हणे पुरे म्हटलं की पुरेच असते. मले काय माहीत? आपल्याकडं पुरे म्हणणारा माणूस अजून दोन वड्या खातोच न बाप्पा. मयुरानं मंधात येऊन माह्या हातातला डाव धरला. हसली — पण हात गार होता तिचा. नाही वं, रागवली नाही. ती कुठं रागवते? रागवली असती तर बरं होतं.

साखर कमी झाली काय? घे न. — तर मग निघायच्या आदल्या रविवारी पोरगी माह्या आधी उठली. मले स्वयंपाकघरात येऊच देईना. गोळाभात केला तिनं! गोळ्यांसाठी डाळीचा भरडा कुठून आणला तिचं तिले माहीत. फोडणीचं तेल कडकडीत, पाट नाही म्हणून जमिनीवर शाल घडी करून टाकली, त्या लाकडी फरशीवर तांदळाच्या पिठाची रांगोळी, अन् म्हणते — आई, आज तू पाहुणी. जेवली न, नाही कशी जेवू? गोळे आतून जरा कच्चे होते. पण चांगले लागले. लई चांगले लागले वं. अन् उठताना मी बोटातली अंगठी काढून ताटापाशी ठेवली. रीतच आहे आपली, लेकीकडं जेवलं तर तसंच कसं उठायचं, तिच्या हातावर काही ठेवावं लागते. चुकलं काय त्याच्यात? तू सांग. रीत आहे का नाही?

तिनं अंगठीकडं पाहिलं. मग म्हणे, हॉटेल आहे काय आई हे? मी म्हटलं, अवं तुह्यासाठीच — तर म्हणे, एवढ्या दिवसांत तुले माह्या घरी एकदाही भूक नाही लागली काय? अन् ताट उचलून आत गेली. नळ सुरू होता कितीतरी वेळ. विमानतळावर आली सोडायले, पाया पडली, अंगठी परत माह्या बोटात घातली. पण आता कधी येशील, हे काही विचारलं नाही तिनं. ती नागपूरहून जाते तेव्हा मी विचारते न दरवेळी? विचारल्याबिगर कोणी धाडते काय आपल्या माणसाले? नाही विचारलं. मी वळून पाहिलं, हात हलवत होती, तोंड मिटलेलं. मले वाटते, आता नाही बोलवणार ती मले.

अशी काय पाहून राहिली? रडून नाही राहिली मी, झोप नाही झाली म्हणून डोळे असे. — फोन? कोणाचा, पाह्य बरं. मयुराचा? वाजू दे. नाहीतर तूच उचल — म्हण, काकू निजली. नाही, थांब. आण इकडं. चहा राहिला तर राहू दे, तू जाय आता. दार लोटून घे. जाय म्हणते न! — हॅलो, मयुरा? हो, पोचली. सकाळीच. नाही वं, जेवली नाही अजून... भूक लागली मले, माय.